शेततळ्याला कागद लावताय? खड्डा, प्लास्टिक, दोर आणि कुंपण : सगळे एकाच आराखड्यात

परदेशात घराच्या परसात खड्डा खणून त्याला व्हायनिलचे अस्तर लावतात आणि त्याला स्विमिंग पूल म्हणतात. महाराष्ट्रात शेतात खड्डा खणून त्याला प्लास्टिकचे अस्तर लावतात आणि त्याला शेततळे म्हणतात. शेतकऱ्यांच्या बोलीत हे अस्तर म्हणजे ‘कागद’. तापीकाठच्या काळ्या जमिनीपासून सातपुड्याच्या मुरमाड उतारांपर्यंत पसरलेल्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यात पावसाचे पाणी उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवायचे तर हा एक नेहमीचा मार्ग आहे.

दोन्हींमागचे तंत्र एकच. वजन माती पेलते आणि पाणी पातळ अस्तर अडवते. जाडीसुद्धा जवळपास सारखी असते. पुलाचे साधे व्हायनिल अस्तर सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असते. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद म्हणजेही अर्धा मिलिमीटरच.

मोठा फरक आहे तो माणसाच्या सोयीचा. पूल माणसाने पाण्यात उतरावे म्हणून बांधलेला असतो. त्याला पायऱ्या असतात, शिडी असते, एक बाजू उथळ असते. शेततळे पाणी साठवण्यासाठी असते, त्यात यातले काहीच नसते. उलट कागदाच्या निसरड्या उतारावरून पाय घसरला की वर येणे पोहणाऱ्यालाही कठीण जाते. महाराष्ट्रात शेततळ्यात बुडून मुले दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. म्हणून शेततळ्याचा आराखडा करताना पाण्याइतकाच विचार माणसाच्या जिवाचाही करावा लागतो. दोन्ही कामे कशी करायची, ते पाहू.

कागद का लागतो?

खणलेल्या खड्ड्यातले पाणी दोन वाटांनी जाते. एक खाली, म्हणजे पाझरून. दुसरी वर, म्हणजे बाष्पीभवनाने. कागद फक्त पहिली वाट बंद करतो.

भारी काळ्या मातीत, विशेषतः ती नीट दाबलेली असेल तर, पाझर कमी असतो. अशा ठिकाणी कागदाशिवायही काही महिने पाणी राहू शकते. मुरमाड, खडकाळ किंवा वाळूमिश्रित जमिनीत मात्र पावसाळा संपल्यावर तळे लवकर रिकामे होते. सातपुड्याच्या उतारावरच्या हलक्या जमिनींची हीच अडचण आहे.

एक गोष्ट मात्र आधी ठरवायला हवी. तळ्याचा हेतू पाणी जिरवून विहिरीची पातळी वाढवणे हा असेल, तर कागद लावायचा नाही. कागद लावला की पाणी जिरणे थांबते. पाणी साठवून फेब्रुवारी-मार्चमध्ये पपई, केळी, मिरची किंवा भाजीपाल्याला द्यायचे असेल, तरच कागदाचा खर्च सार्थकी लागतो.

जागा कशी निवडावी?

- तळे शेताच्या उंच भागात घेतले तर पाणी उताराने पिकाला देता येते, पण ते भरायला पंप लागतो. सखल भागात घेतले तर पावसाचे वाहते पाणी आपोआप येते, पण काढायला पंप लागतो. वीज कुठे मिळते आणि पाणी कुठून येणार, यावर निवड ठरते.
- नाल्याच्या ऐन प्रवाहात कागदाचे तळे घेऊ नये. पुराबरोबर आलेले दगड कागद फाडतात आणि गाळ तळ भरून टाकतो.
- पावसाळ्यात जिथे भूजल अगदी वर येते, अशी चिबड जागा टाळावी. तळे रिकामे असताना खालून आलेले पाणी कागद वर उचलते. व्हायनिल पुलांमध्येही हीच अडचण येते; तिथे ‘अस्तर तरंगले’ असे म्हणतात.
- मोठ्या झाडांपासून अंतर ठेवावे. मुळे कागदाखाली शिरतात आणि पाने पाण्यात कुजतात.
- घर, अंगणवाडी, शाळेची वाट, गुरांची वाट यांपासून तळे लांब असावे. ही अट बहुतेक आराखड्यांत नसते, पण पुढचा सगळ्यात मोठा धोका हिच्यामुळेच कमी होतो.

जागा पक्की करण्याआधी चार कोपऱ्यांवर आणि मध्ये एकेक चाचणी खड्डा घ्यावा. दोन मीटरवर कातळ लागणार असेल तर ते पोकलेन आणण्याआधी कळलेले बरे.

आकाराचे गणित

सरकारी योजनांमध्ये ३० बाय ३० मीटर लांबी-रुंदी आणि ३ मीटर खोली हा आकार सर्वांच्या ओळखीचा आहे. बाजूंचा उतार १:१ धरला, म्हणजे एक मीटर खाली जाताना एक मीटर आत, तर तळ २४ बाय २४ मीटर राहतो. वेगवेगळ्या आकारांत पाणी किती मावते ते असे :

- १५ × १५ × ३ मीटर : ४४१ घनमीटर, म्हणजे ४.४१ लाख लिटर
- २० × २० × ३ मीटर : ८७६ घनमीटर, म्हणजे ८.७६ लाख लिटर
- २५ × २५ × ३ मीटर : १,४६१ घनमीटर, म्हणजे १४.६१ लाख लिटर
- ३० × ३० × ३ मीटर : २,१९६ घनमीटर, म्हणजे २१.९६ लाख लिटर

बाजू १५ वरून ३० मीटर केली की जागा चौपट लागते, पण पाणी जवळपास पाचपट मावते. उतारामुळे लहान तळ्यात बरीच जागा वाया जाते, म्हणून हा फरक पडतो.

हे पाणी किती पुरते? एका एकरावर ५० मिलिमीटरची एक पाळी द्यायला सुमारे २ लाख लिटर पाणी लागते. म्हणजे ३० × ३० चे भरलेले तळे कागदोपत्री एका एकराला दहा पाळ्या देते. प्रत्यक्षात त्यातून बाष्पीभवन वजा करावे लागते. तो हिशेब पुढे आहे. ठिबक असेल तर हेच पाणी कितीतरी लांबवता येते.

उतार किती ठेवायचा, हा प्रश्नही पैशाइतकाच सुरक्षिततेचा आहे. १:१ उतार म्हणजे ४५ अंशांचा चढ. तो दीडास एक केला, म्हणजे एक मीटर खाली जाताना दीड मीटर आत, तर चढ सुमारे ३४ अंशांवर येतो. माती ढासळण्याची भीती कमी होते आणि पडलेल्या माणसाला बाहेर यायला थोडी तरी मदत होते. त्या बदल्यात ३० × ३० × ३ च्या तळ्याची क्षमता २,१९६ वरून सुमारे १,९७१ घनमीटरवर येते. सव्वादोन लाख लिटर पाणी कमी, पण बाजू टिकाऊ. भुसभुशीत किंवा ओली झाल्यावर सुटणारी माती असेल तर हा सौदा चांगला आहे.

खोदाई आणि भराव

कागद किती वर्षे टिकेल हे बरेचसे त्याच्या खालच्या मातीवर ठरते. महागडा कागद अणकुचीदार खड्यावर अंथरला तर पाण्याच्या वजनाने पहिल्याच वर्षी त्याला भोक पडते. ३ मीटर पाण्याखाली तळाच्या दर चौरस मीटरवर ३ टन भार येतो, हे लक्षात घेतले की याचे कारण कळते.

कामाचा क्रम साधारण असा असतो :

- फक्कीने चौकोन आखून दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे नसतील तर तळे काटकोनात नाही आणि चौकोनी शिवून आणलेला कागद नीट बसणार नाही.
- निघालेली माती काठापासून थोडी जागा सोडून चारी बाजूंनी बांधाच्या रूपात रचावी आणि थराथराने पाणी मारून दाबावी. सैल भराव पहिल्या पावसात खचतो आणि कागद ताणून फाडतो.
- चारही बांधांचा माथा एका पातळीत असावा. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी लेव्हल काढतात, तशीच इथे काढता येते. एक बाजू फूटभर खाली राहिली तर तळे तेवढेच कमी भरते.
- बाजू आणि तळ यांवरचे खडे, काचा, मुळे, पऱ्हाट्यांचे बुडखे, बाभळीचे काटे हाताने वेचावेत. लव्हाळ्याच्या गाठी राहिल्या तर त्याचे कोंब कागद भेदून वर येतात.
- वर चाळलेल्या बारीक मातीचा थर देऊन तो ओला करून दाबावा. खडकाळ जागी त्यावर जाड नमदा किंवा जुनी गोणपाटे अंथरतात.
- उंदीर, घुशी आणि खेकड्यांची बिळे बुजवून घ्यावीत.

काळ्या जमिनीत आणखी एक काळजी लागते. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. खोदून महिनोन्महिने उघडे पडलेले तळे उन्हात तडकते. म्हणून खोदाई आणि कागद यांच्यात फार अंतर ठेवू नये. अंतर पडलेच तर भेगा भरून, पुन्हा दाबूनच कागद अंथरावा.

कागद घेताना काय पाहावे?

शेततळ्यासाठी प्रामुख्याने एचडीपीई प्रकारचे, विणलेल्या कापडावर लेप दिलेले प्लास्टिक वापरतात. त्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५३५१ हे मानक आहे. पुलाचे व्हायनिल म्हणजे पीव्हीसी. ते जास्त लवचीक असते, पण उन्हात पडून राहणाऱ्या मोठ्या तळ्यांसाठी आपल्याकडे एचडीपीई रूढ झाले आहे.

दुकानात पुढील गोष्टी विचाराव्यात :

- जाडी ५०० मायक्रॉन आहे का, आणि कागदावर आयएस क्रमांक छापला आहे का
- अतिनील किरणांपासून संरक्षण देणारी प्रक्रिया केली आहे का
- एका चौरस मीटरचे वजन किती. हलका कागद जाड म्हणून खपवला जात असेल तर तो इथे पकडला जातो
- जोड कारखान्यात उष्णतेने केलेले आहेत का. चिकटपट्टीचे जोड पाण्याखाली टिकत नाहीत
- हमी किती वर्षांची, आणि ती पक्क्या बिलावर लिहून मिळते का

कागद किती लागेल? ३० × ३० × ३ मीटर आणि १:१ उतार असेल तर तिरकी बाजू ४.२४ मीटर भरते. तळाचे २४ मीटर आणि दोन्ही बाजूंचे मिळून साडेआठ, असे साडेबत्तीस मीटर झाले. काठावरून चरात गाडायला प्रत्येक बाजूला दीड मीटर धरला तर साडेपस्तीस बाय साडेपस्तीस मीटरचा, म्हणजे सुमारे १,२६० चौरस मीटर कागद लागतो. मात्र मागणी नोंदवायची ती खोदाई झाल्यावर, प्रत्यक्ष मोजमापानेच. यंत्राने खणलेला खड्डा नकाशासारखा क्वचितच येतो.

कागद अंथरण्याचा दिवस

हे काम सकाळी किंवा संध्याकाळी, वारा नसताना करावे. भर दुपारी प्लास्टिक तापून पसरते आणि रात्री आक्रसते; दुपारी ताणून बसवलेला कागद पहाटे चरातून सुटू पाहतो. वाऱ्यात तर एवढा मोठा कागद शिडासारखा फुगतो आणि धरणाऱ्या माणसांनाही ओढून नेऊ शकतो.

काठापासून साधारण अर्धा मीटर सोडून चारही बाजूंनी दीड ते दोन फूट खोल चर खणलेला असावा. कागदाची गुंडाळी एका बाजूला ठेवून माणसांच्या रांगेने तो ओढून घेतात. चप्पल-बूट घालून कागदावर चालायचे नाही. कोपऱ्यात थोडा कागद जास्तीचा येतो, त्याची सपाट घडी घालतात. तळाशी कागद किंचित सैल ठेवतात, म्हणजे पाण्याचे वजन आले की तो मातीला जाऊन टेकतो आणि ताण मातीवर जातो.

मग एक-दोन फूट पाणी सोडून सुरकुत्या सारख्या करायच्या आणि त्यानंतरच चरात कागद गाडून माती दाबायची. आधी चर बुजवला आणि नंतर पाणी भरले, तर कागद काठावर ताणला जातो. पुलाच्या बांधणीत हेच काम वरच्या कडेला बसवलेली पट्टी करते. अस्तराची कड तिच्यात अडकवलेली असते. शेततळ्यात ती जबाबदारी चरावर असते.

पाणी आत येण्याच्या जागी गाळ खाली बसवणारा लहान खड्डा आणि त्यानंतर पाइप असावा. जादा पाणी बाहेर जायला सांडवा लागतो. तो नसेल तर जोराच्या पावसात पाणी बांधावरून वाहते आणि कागदाखालची माती धुऊन नेते.

पाणी कुठून येणार आणि किती उरणार?

तळ्यावर थेट पडणारा पाऊस पुरेसा नसतो. हंगामात ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ३० × ३० च्या तोंडावर ६.३ लाख लिटर पाणी पडते, म्हणजे तळ्याच्या तीस टक्क्यांहूनही कमी. बाकीचे पाणी शेतातून वाहून आलेले, नाल्यातून पावसाळ्यात उचललेले किंवा विहिरीतले असते.

यातला विहिरीचा पर्याय जपून वापरण्याचा आहे. पावसाळ्यात ओसंडणारी विहीर उपसून तळे भरणे वेगळे आणि हिवाळ्यात बोअरचे पाणी उपसून उघड्या तळ्यात ओतणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात जमिनीखाली सुरक्षित असलेले, शेजाऱ्यांच्याही विहिरींना आधार देणारे पाणी वर आणून उन्हात ठेवले जाते. महाराष्ट्राच्या दुष्काळी भागांत शेततळ्यांवर होणाऱ्या टीकेचा मुख्य रोख हाच आहे.

उन्हाचा हिशेब सोपा आहे. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत रोज सरासरी ८ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर पातळी ९६ सेंटीमीटर उतरते. ३० × ३० च्या तळ्यातून यात सुमारे ८ लाख लिटर पाणी जाते, म्हणजे साठ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त. १५ × १५ च्या तळ्यातला वाटा याहून मोठा असतो. त्यामुळे मे महिन्यासाठी पाणी राखून ठेवण्यापेक्षा हिवाळ्यातच ते पिकाला देणे बहुधा फायद्याचे ठरते.

कागदाचे तळे जीवघेणे का ठरते?

नदीकाठच्या किंवा विहिरीवर पोहायला शिकलेल्या मुलांना पाण्याची भीती नसते. पण शेततळ्याचे पाणी त्या पाण्यासारखे वागत नाही.

- काठ निसरडा असतो. ओल्या कागदावर काही आठवड्यांत शेवाळ धरते. हाताला पकड मिळत नाही आणि पाय ठेवला की सरकतो.
- उथळ भाग नसतो. काठापासून दोन मीटर आत गेले की १:१ उताराच्या भरलेल्या तळ्यात पाणी दोन मीटर खोल असते. मूल काठाजवळ पाय धुवायला वाकले तरी घसरून थेट खोल पाण्यात जाते.
- पाणी कमी असले तरी धोका तोच. पातळी उतरलेली असेल तर काठापर्यंत चढायचा निसरडा उतार उलट वाढतो.
- वाचवणारा आत अडकतो. एकाला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि दोघांनाही बाहेर पडता येत नाही. एकाच तळ्यात एकाहून जास्त जीव जातात ते बरेचदा असेच.
- आवाज पोहोचत नाही. तळे वस्तीपासून लांब आणि बांधाच्या आड असते. बुडणारा माणूस ओरडू शकत नाही. तो गुपचूप खाली जातो.

पोहता येते म्हणून शेततळ्यात सुखरूप राहता येते, असे नाही. तरंगत राहणे आणि बाहेर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुलात दुसऱ्या गोष्टीची सोय शिडी करते.

गुरे, कुत्री आणि रानातली जनावरेही याच कारणाने अडकतात. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याचा वावर असलेल्या भागात तर हा प्रश्न खराच आहे.

जीव वाचवणाऱ्या गोष्टी

जागतिक आरोग्य संघटनेने बुडण्याच्या दुर्घटना टाळण्यासाठी सुचवलेल्या उपायांत पाण्यापर्यंतची वाट अडवणारा अडथळा हा ठळक उपाय आहे. लहान मुलांसाठी तर तोच सगळ्यात महत्त्वाचा. शेततळ्यावर पुढील गोष्टी कागद बसवण्याच्या खर्चातच धरायला हव्यात :

- कुंपण आणि कुलूप. चारही बाजूंनी तारेची जाळी, आणि एकच फाटक. फाटकाला कडी पुरत नाही, कुलूप लागते. जाळीला लगेच पैसे नसतील तर तोवर दाट काटेरी कुंपण तरी हवेच.
- गाठी मारलेले दोर. चारही बाजूंना बांधाबाहेर पक्का खुंट रोवून त्याला जाड नायलॉनचा दोर बांधावा. त्याला फूट-दीड फुटावर गाठी माराव्यात. दोर पाण्यापर्यंत पोहोचून वर थोडा उरेल इतका लांब असावा आणि टोकाला झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा बांधावा, म्हणजे टोक तरंगत राहते.
- शिडी किंवा टायरची माळ. जुन्या टायरांची माळ किंवा दोराची शिडी उतारावर कायम सोडून ठेवावी. तिच्या कडा कागदाला घासणार नाहीत हे पाहावे.
- तरंगणारी वस्तू. हवा भरलेली ट्यूब किंवा मोठा रिकामा कॅन दोरासह काठावर टांगलेला असावा. तो दुसऱ्या कामाला नेला जाऊ नये.
- फळा. अक्षरांबरोबर चित्रही हवे. अहिराणी, भिली, पावरी बोलणाऱ्या घरांतल्या लहान मुलांना आणि बाहेरून आलेल्या मजुरांनाही ते कळते.
- पाणी घ्यायची वेगळी जागा. फवारणीसाठी किंवा पिण्यासाठी बादली भरायला कुणी काठावर जाऊ नये म्हणून पाइपला नळ काढून तो कुंपणाबाहेर द्यावा. अनेकदा माणूस पोहायला नाही, बादली बुडवायला गेलेला असतो.

जनावरांसाठी एका कोपऱ्यात खडबडीत जाळीची पट्टी सोडली तर तिच्यावर नखे रोवून ती बाहेर येऊ शकतात.

कुणी पाण्यात पडले तर?

- आत उडी मारायची नाही. आधी मोठ्याने हाका मारून माणसे जमवायची.
- दोर, ट्यूब, रिकामा कॅन किंवा लांब बांबू पुढे करायचा. दोर नसेल तर साडी किंवा धोतर टाकायचे. ओढणाऱ्याने काठावर आडवे पडावे आणि त्याचे पाय दुसऱ्याने धरावेत.
- बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे यात मोलाची मिनिटे जातात. असे करू नये.
- श्वास चालू नसेल तर पाठीवर झोपवून नाक बंद करून तोंडाने श्वास द्यावा. त्यानंतर छातीच्या मध्यभागी जोराने आणि भरभर ३० वेळा दाब, मग २ श्वास, असे चालू ठेवावे.
- दरम्यान दुसऱ्याने १०८ किंवा ११२ वर फोन करावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात नेणे आवश्यक. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

देखभाल आणि गळतीची चाचणी

पाण्याखालचा कागद जास्त टिकतो. काठावरचा उघडा पट्टा उन्हाने आधी कडक होतो. म्हणून तळे पूर्ण रिकामे ठेवू नये. तळाशी फूटभर पाणी राहिले तर कागद वाऱ्याने फुगत नाही आणि उन्हापासूनही वाचतो. गाळ काढायला फावडे किंवा यंत्र वापरू नये.

पातळी झपाट्याने उतरत असेल तर ते ऊन आहे की गळती? यासाठी पूल बांधणारे वापरतात ती बादलीची चाचणी इथेही चालते. पाण्याने भरलेली बादली दोराने बांधून तळ्यात अर्धी बुडेल अशी ठेवायची. बादलीतल्या आणि तळ्यातल्या पाण्याच्या पातळीवर खूण करायची. दोन-तीन दिवसांत, उपसा बंद ठेवून, दोन्ही सारख्याच उतरल्या तर दोष उन्हाचा. तळे जास्त उतरले तर कागदाला भोक आहे. भोकावर त्याच कागदाचा तुकडा गरम हवेच्या यंत्राने डकवून घेतात. हे काम करताना कंबरेला दोर बांधलेला असावा आणि दुसरा माणूस काठावर हवा.

अनुदानाचे काय?

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. तिच्यात जास्तीत जास्त ५० हजार रुपये अनुदान होते आणि कागदाचा खर्च शेतकऱ्याने स्वतः करायचा होता. २०२२ पासून मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत वैयक्तिक शेततळ्यासाठी ही मर्यादा ७५ हजार रुपये झाली. शेततळ्याचे अस्तरीकरण हा त्या योजनेतला वेगळा घटक आहे. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर होतो.

नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्यांसाठी असलेल्या बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेतही शेततळ्याच्या प्लास्टिक अस्तरीकरणाचा समावेश आहे. रकमा आणि अटी बदलत असतात, म्हणून खोदाईआधी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. पूर्वसंमतीशिवाय काम सुरू केले तर अनुदान अडकू शकते.

थोडक्यात

- पाणी जिरवायचे असेल तर कागद नको; साठवायचे असेल तरच हवा.
- कागदाचे आयुष्य त्याच्या खालच्या मातीवर ठरते. खडे वेचण्यात घालवलेला दिवस वाया जात नाही.
- माती सैल असेल तर थोडे पाणी सोडून उतार कमी ठेवावा.
- तळे हिवाळ्यातच वापरावे; उन्हाळ्यात मोठा वाटा उन्हाचा असतो.
- कुंपण, कुलूप, गाठींचे दोर आणि तरंगता डबा बसल्याशिवाय तळ्यात पाणी सोडू नये.

पोकलेन, कागद आणि मजुरी यांच्या तुलनेत चार दोर, काही जुने टायर आणि एका कुलपाचा खर्च नगण्य असतो. पण तळे पहिल्यांदा भरते तेव्हा या वस्तू काठावर नसल्या, तर त्या नंतर आणायच्या राहून जातात.